कॉपरबँड खाऊन नाही राहिला: खाऱ्या पाण्याच्या हट्टी माशाला तयार खाण्यावर कसं आणायचं

नवा मासा आणला, टाकीत सोडला, पाचवा दिवस उजाडला तरी तोंड लावत नाही. पेलेट (तयार खाण्याची गोळी) नाकासमोरून खाली जातं, फ्लेक वर तरंगत राहतो, फ्रोझन मायसिसकडे (झिंग्यासारखे बारीक समुद्री जीव) तो एका डोळ्यानं तिरकं बघतो आणि वळतो. नागपुरात मरीन टँक ठेवणारे आम्ही मूठभर लोक. पण ज्याला फोन लावावा त्याचं रडगाणं हेच: "खाऊन नाही राहिला ना." आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "राहू दे उपाशी दोन-चार दिवस, भूक लागली का बरोबर खाते."

मी हा सल्ला ऐकला होता. पहिला कॉपरबँड बटरफ्लाय त्यातच गेला, अकराव्या दिवशी. शेवटपर्यंत पोहत होता, दगडांवर चोच मारत होता, त्यामुळे मला वाटत राहिलं की काहीतरी मिळतंय याला. पाठीवरचं मांस आत गेलेलं दिसलं तेव्हा उशीर झाला होता. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, हे मासे असेच असतात, नखरेल." तोच शब्द मला पटत नाही. हे मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात. कॉपरबँडची ती लांब चोच कपारीतले किडे, नळीतले कृमी, छोटे अ‍ॅनिमोन उपसून खायला आहे. त्याच्या लेखी खाणं म्हणजे दगडाला चिकटलेलं, वळवळणारं, लांबोळकं काहीतरी. वरून पडणारा तपकिरी गोळा त्याला खाणं वाटतच नाही, म्हणजे नाकारण्याचाही प्रश्न येत नाही. अशा माशाला उपाशी ठेवून तो शिकत नाही, नुसता वाळतो.

दुसऱ्या वेळी मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. तो मासा आज दीड वर्ष टिकून आहे. जे केलं आणि जे फसलं, ते खाली लिहिते आहे.

खाण्याआधी पाणी आणि तब्येत

न खाण्याचं कारण दर वेळी खाण्यात नसतं. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये पहिला संशय तापमानावर घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. टाकी ३० अंशांच्या वर गेली की मासा कल्ले जोरजोरात हलवत एका कोपऱ्यात उभा राहतो. तो खाणार कुठून? टाकी २५ ते २७ मध्ये ठेवा. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) परवडत नसेल तर संपवर, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या हौदावर, पंखा लावा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि टाकी दोन-चार अंश सहज उतरते.

इथे एक नागपुरी भानगड आहे, ती कळायला मला अख्खा उन्हाळा लागला. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली दमट होते. दमट हवेत टाकीचं पाणी उडत नाही आणि पंखा नुसताच फिरतो. आपण गारव्यात झोपलेलो असतो आणि सकाळी टाकी ३१ वर. कूलरच्या समोरची एक खिडकी उघडी ठेवली की हे थांबतं. पावसाळा लागल्यावर मात्र पंख्याच्या भरवशावर राहू नका. आणखी एक: उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. रोजची भर साध्या आरओ पाण्याची घाला, खाऱ्या पाण्याची नाही. १.०२५ ची घनता दोन-तीन दिवसांत १.०२८ ला पोचलेली मी पाहिली आहे, आणि त्या दिवसांत एकही मासा धड खात नव्हता.

मग तब्येत. श्वास मोजायला आकडा पाठ करायची गरज नाही. त्याच टाकीतल्या जुन्या, धडधाकट माशाशी तुलना करा. नव्याचे कल्ले त्याच्या दुप्पट वेगानं हलत असतील तर खाण्याचे प्रयोग थांबवा आणि आजार शोधा. अंगावर मिठासारखे कण दिसले तर इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. पिठासारखी बारीक सोनेरी धूळ असेल, मासा उजेडाला बुजत असेल किंवा वेव्हमेकरच्या (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) झोताला तोंड देऊन उभा असेल तर व्हेल्वेट, हाही परजीवी रोग, आणि त्यात वेळ फार थोडा मिळतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल आणि खाऊनही मासा बारीक होत असेल तर पोटात परजीवी. उपचार वेगळ्या टाकीतच करा. तांब्याचं औषध लाइव्ह रॉकच्या (जिवंत सूक्ष्मजीव आणि किडे असलेला समुद्री दगड) टाकीत गेलं की दगडातले सगळे छोटे जीव मरतात. शिवाय तांब्यानं माशाची भूकही मंदावते, बटरफ्लायसारख्या नाजूक माशांची तर हमखास. म्हणून आजाराची खात्री नसताना "घालून बघू" म्हणून औषध ओतू नका.

आणि धटिंगण. आमच्याकडे एक डॅमसेल मासा होता, माझ्या अंगठ्याएवढा. नवा मासा खायला पुढे आला की हा बाणासारखा येऊन त्याला दगडामागे हाकलायचा. दिवसभर ऑफिसात असल्यामुळे मला हे दिसलंच नव्हतं.

पेटी आणि पहिला आठवडा

म्हणून दुसरा कॉपरबँड आला तेव्हा त्याला मोकळं सोडलंच नाही. भोकं असलेली पारदर्शक पेटी टाकीच्या आतल्या बाजूला टांगली, तळाशी लाइव्ह रॉकचा एक तुकडा ठेवला. तयार पेटी मिळते. नसेल तर भाजी धुवायची प्लास्टिकची मोठी टोपली दोन क्लिपांनी लटकवली तरी काम होतं, फक्त तिला धातूची कडी नको. पेटीत मासा सुरक्षित असतो, खाणं वाहून जात नाही आणि त्यानं नेमकं किती खाल्लं ते मोजता येतं. पेटीबाहेर क्लाउनफिश गपागप खाताना त्याला दिसतात, त्याचाही उपयोग होतो.

मासा इथवर पोचलेला असतो विमानानं नाहीतर रेल्वेनं, कधी चेन्नईहून तर कधी मुंबईहून. नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघालात तरी पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. इतक्या वेळात बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. थेंब-थेंब पाणी घालत दोन तास बसायची पद्धत अशा लांबच्या माशाला महागात पडते. दुकानदाराकडून पिशवीच्या पाण्याची घनता आधीच विचारून क्वारंटाइन टाकी (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची टाकी) त्याच घनतेला आणून ठेवा, तापमान जुळवा आणि मासा लगेच पाण्यात घ्या, पिशवीचं पाणी न ओतता. पहिला दिवस दिवे बंद. खायला काही देऊ नका, बघत बसू नका.

जिवंत खाण्याची तयारी आधी

माझी पहिल्या वेळची मोठी चूक ही की मासा घरी आल्यावर मी खाण्याच्या शोधाला निघाले. नागपुरात जिवंत, मोठे आर्टेमिया (ब्राइन श्रिंप, खाऱ्या पाण्यातले इवलेसे जीव) दुकानात मिळत नाहीत. ते वाढवायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून आधी बादली, मग मासा.

आर्टेमियाची अंडी डबीत मिळतात. थंड पेयाची बाटली बूड कापून उलटी बसवायची. एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेलं जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा अंडी. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत, पुढे एअर स्टोन न लावता, म्हणजे मोठे बुडबुडे येऊन अंडी वर-खाली फिरत राहतात. वर एक दिवा. २६ ते २८ अंशांत साधारण २४ तासांत पाणी नारिंगी दिसायला लागतं. मे महिन्यात आमची बाटली स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी असते. डिसेंबरात तिथेच ठेवली तर दुसऱ्या दिवशीही काही दिसत नाही, तेव्हा ती टाकीच्या दिव्याजवळ न्यावी लागते. हवा बंद करून, दिवा तळापाशी नेऊन दहा मिनिटं थांबलं की रिकामी टरफलं वर येतात, पिल्लं खाली उजेडाकडे गोळा होतात. खालचं तेवढं नळीनं काढून घ्या. पिल्लं पहिल्या काही तासांतच द्यावीत. त्यांच्या अंगातला बलक संपला की त्यांत फार काही उरत नाही.

त्यातली थोडी पिल्लं वीस लिटरच्या बादलीत खाऱ्या पाण्यात सोडून मी स्पायरुलिनाच्या पावडरीवर वाढवली. पाणी हलकं हिरवं दिसेल एवढीच पावडर. ते पुन्हा स्वच्छ झाल्याशिवाय दुसरी चिमूट नाही. तीन आठवड्यांत सेंटिमीटरभराचे आर्टेमिया तयार झाले, पाठीवर पोहणारे, पिसासारखे पाय हलवणारे. मासा आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातले दहा-बारा पेटीत सोडले. कॉपरबँड तीन मिनिटं नुसता बघत राहिला, मग एक उचलला. मी घड्याळ बघत होते म्हणून मिनिटं सांगू शकते.

जिवंत आर्टेमियावर मासा जगतो, पण नुसत्या त्यावर फार दिवस राहिला तर कुपोषित होतो. समुद्री माशाला लागणारी फॅटी अ‍ॅसिड त्यात कमीच असतात. म्हणून हा फक्त जिना आहे, मुक्काम नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

जिवंत आर्टेमियावरून थेट पेलेटवर उडी मारली तर माशासाठी आकार, हालचाल, चव, जागा असं सगळंच एकदम बदलतं. त्यातलं एकच बदलायचं, बाकी तेच ठेवायचं.

जागेचं महत्त्व माझ्या सासऱ्यांमुळे कळलं. ते माळकरी, मासोळीचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारे, पण सकाळचा चहा टाकीसमोरच घेतात. सातव्या-आठव्या दिवशी म्हणाले, "बाई, हा पिवळा वरून पडलेलं बघतसुद्धा नाही. त्या भोकाच्या दगडापाशीच चोच मारत असतो." मी इतके दिवस वरून खाणं टाकत होते.

त्या दिवशी मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणली, पुढे एअरलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि फ्रोझन आर्टेमिया त्या दगडाच्या भोकात अलगद सोडले. आकार तोच, जागा त्याच्या मनाची, फक्त जीव नाही. वेव्हमेकर पूर्ण बंद केला नव्हता, हलका ठेवला होता, म्हणजे मेलेलं खाणंही भोकात जरा थरथरत राहतं. माशानं चोच घातली, ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. थुंकलं म्हणजे नाकारलं असं समजू नका. उचलून थुंकणारा मासा चव घेत असतो, आणि तो बहुतेक चार-सहा दिवसांत गिळायला लागतो. वळून जाणाऱ्याचा जिना मात्र एक पायरी मागे न्या.

पुढचा क्रम असा झाला. आधी तीन भाग जिवंत, एक भाग फ्रोझन. मग निम्मं-निम्मं. मग फ्रोझन आर्टेमियात मायसिस मिसळलं. मायसिस जाड आणि काळ्या डोळ्यांचं, ते त्यानं पहिले चार दिवस निवडून बाजूला ठेवलं, घरातलं पोरगं पोह्यातले शेंगदाणे ठेवतं तसं. पाचव्या दिवशी एक गेलं, मग थांबला नाही. त्यानंतर झिंग्याचे तुकडे, पण चौकोनी नाही, दोऱ्यासारखे लांब कापलेले. किडा खाणाऱ्याला किड्याचाच आकार द्यायचा. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि उरलेलं त्याच सिरिंजनं ओढून बाहेर. त्याची चोच बारीक, पोट लहान. सकाळ-संध्याकाळ दोनदा भरपूर देऊन त्याचं भागत नाही.

शिंपल्याची युक्ती सगळ्यांनी करून बघावी. समुद्री तिसऱ्या (खायचे शिंपले) बर्फातल्या मिळाल्या तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग उघडून अर्धा शिंपला मांसासकट टाकीत मांडा. कॉपरबँड त्यावर तुटून पडतो. ते रिकामे शिंपले मी फेकले नाहीत, कारण पेलेटची पायरी त्यांच्यावरच चढायची होती. झिंगा, मायसिस आणि चुरलेली पेलेट वाटून त्यात शिजवलेलं चायना ग्रास, कोमट झाल्यावर आणि घट्ट व्हायच्या आत, मिसळायचं, शिंपल्यात थापायचं आणि गार होऊ द्यायचं. लोक यात जिलेटिन घालतात. आमच्या सासूबाईंनी ते घरात आणू दिलं नाही. झिंगे त्याच फ्रीझरमध्ये वेगळ्या डब्यात चालतात, जिलेटिन चालत नाही, यामागचा तर्क मी विचारलेला नाही. सुरुवातीला त्यात पेलेटचा भाग दहावा होता, आता निम्मा आहे.

लसणाबद्दल फार विचारतात. खाणं लसणाच्या रसात भिजवलं तर काही मासे वासानं पुढे येतात, माझ्या टँग माशानं तसं केलं. कॉपरबँडला काडीचा फरक पडला नाही. लसणानं इक बरा होतो असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

फ्रोझनच खराब असेल तर

मासा फ्रोझन खायचा आणि अचानक थांबला, असं झालं की आधी पाकीट तपासा. आपल्यापर्यंत हा माल रात्रभर प्रवास करून येतो, वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. ओळख सोपी आहे. खणांच्या पाकिटात प्रत्येक खण एकसारखा भरलेला हवा. सगळ्या खणांत माल एकाच बाजूला उतरलेला दिसला तर पाकीट कडेवर उभं असताना वितळलं होतं. कपात एक वडी विरघळवून बघा. चांगलं मायसिस अख्खं असतं, डोळे जागेवर. खराब असेल तर डोकी सुटी, अंग लिबलिबीत, पाणी तपकिरी आणि वास आंबूस. उन्हाळ्यात तीन-चार तास वीज गेली तर घरच्या फ्रीझरमध्येही हेच होतं. चांगलं खाणंही चहाच्या गाळणीत धरून आरओ पाण्यानं धुवून मगच द्या.

झिंगे भोईपुऱ्याच्या बाजारातून आणत असाल तर समुद्राचे की गोड्या पाण्याचे ते विचारून घ्या. समुद्राचे असले तर उत्तम. सुकटही भिजवून पाहिली होती. ट्रिगरफिशनं खाल्ली, बाकी कोणी नाही, आणि घरात दोन दिवस वास राहिला.

बाकीच्या माशांबद्दल थोडक्यात

मँडरिन माशाचं गणित वेगळं. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव) टिपत फिरतो. नव्या टाकीत ते नसतातच, आणि लहान टाकीत तो काही आठवड्यांत सगळे संपवतो. टाकी किमान सहा-आठ महिने मुरलेली असल्याशिवाय आणू नका. पेटी, जिवंत पिल्लं, मग फ्रोझन, मग माशाची अंडी किंवा अगदी बारीक पेलेट, हाच जिना, पण कॉपरबँडच्या दुप्पट संयम हवा.

लायनफिशला हालचाल हवी. झिंगा पारदर्शक काडीच्या टोकाला लावून त्याच्यासमोर हलवा. जिवंत गोल्डफिश किंवा गप्पी घालायची सवय लावू नका. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं, आणि गोड्या पाण्याच्या माशांची चरबी या माशाला मानवत नाही. टँगला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दगडाला रबर बँडनं बांधून द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

काही मासे घेऊच नका. ऑर्नेट आणि मेयर्स बटरफ्लाय प्रवाळाचे जिवंत पॉलिप खातात. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. म्हणजे त्यांचं खाणं तुम्ही ठेवू शकत नाही, आणि दुसऱ्या कशावर ते क्वचितच टिकतात. क्लीनर रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, त्याचंही तसंच. पहिलाच मासा घेत असाल तर हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश घ्या. सीएमएफआरआयनं (केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था) आपल्याकडे क्लाउनफिशच्या हॅचरीचं तंत्र बसवलं आहे. हे मासे लहानपणापासून पेलेटवर वाढलेले असतात, त्यांना शिकवावं लागत नाही.

बाकी कुठलाही मासा घेताना दुकानात तुमच्यासमोर खाताना दाखवायला सांगा. आज आला, उद्या विकला असं चालतं, म्हणून आठवडाभर थांबा आणि दोनदा जा. "खातो की हो" हे उत्तर मी आता ऐकून घेत नाही. डोक्यामागचा भाग भरलेला आहे का ते वरून बघा. तिथे खड्डा दिसला तर कितीही स्वस्त असो, परत या. कॉपरबँड आठ ते दहा सेंटिमीटरचा घ्या. फार लहान लवकर खंगतो, फार मोठ्याच्या सवयी बदलत नाहीत.

माझा कॉपरबँड आज शिंपल्यातली वडी खातो, मायसिस खातो. सुट्या पेलेटवर गाडी अडलेली आहे, तीनातल्या दोन थुंकतो. मी ऑफिसात असताना दुपारचं खाणं सासरे देतात. झिंग्याला ते हात लावत नाहीत, म्हणून निघताना सांगतात, "सिरिंज भरून ठेव, मी फक्त दाबतो."